गठाणीच्या पट्ट्या

लहानूच्या उजव्या तळहातावर अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत एक आडवा वण होता. शाळेत नवा मास्तर आला की हमखास विचारायचा, "विळा लागला का हो?" लहानू म्हणायचा, "विळा नाई जी, गठाण." गठाण म्हणजे प्रेसमध्ये दाबलेल्या रुईची गाठ. कापसानं माणूस कापला जातो, हे शहरातून आलेल्याच्या गळी उतरत नसे. मग लहानूला सांगावं लागे, की दाबलेली रुई लोखंडी पट्ट्यांनी आवळायची असते, आणि आवळताना एखादी पट्टी सुटली तर ती डिवचलेल्या सापासारखी उसळते. "नशीब, हात वाचला," असं कोणी म्हटलं की त्याला राग यायचा. "नशीब कायचं? मी टायमावर मांगं सरलो म्हणून वाचला."

असा माणूस. आपल्या हुशारीचं श्रेय तो नशिबालासुद्धा फुकटात देत नसे.

पुलगावच्या एका प्रेसमध्ये बारा हंगाम गाठी बांधून तो एकोणसत्तर साली आपल्या गावी परत आला. रोहण्यापासून दोन कोसांवर गाव. तिथं हायस्कूल निघालं होतं आणि हायस्कुलाला चपराशी पाहिजे होता. छप्पन साली विशीतला लहानू नागपूरला दीक्षा घेऊन आला होता, आणि आल्याबरोबर त्यानं पाटी-पुस्तक काढून बाहेरून सातवीची परीक्षा दिली होती. त्या सातवीवर नोकरी लागली. वय चाळिशीला टेकलं तरी गाव त्याला लहानूच म्हणे. "लहानूजी म्हनाले लोकायचं तोंड दुखते का?" असं त्याची बायको मीराबाई चुलीपुढं बसून म्हणायची. ऐकायला लहानूशिवाय कोणी नसायचं.

पुढं शाळेला विज्ञानाची खोली झाली आणि तिची चावी लहानूकडे आली. काचेच्या नळ्या धुणं, वजनं पुसणं, मास्तर शिकवताना शेजारी उभं राहून सामान हाती देणं. सहा-सात वर्षं उभ्यानं ऐकलेला माणूस तो. बाकावर बसलेली पोट्टी पेंगायची, उभा असलेला लहानू पेंगत नसे. कोणता प्रयोग कुठं फसतो हे त्याला मास्तरच्या आधी कळायचं, आणि तो बोलायचा नाही, फक्त खाकरायचा.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात शाळेनं अकरावी सायन्स मागितलं. ते मिळालं तर गावची पोरं आर्वी-पुलगावच्या खेपा करायची नाहीत. नागपूरहून दोन साहेब प्रयोगशाळा पाहायला येणार, असं पत्र आलं. सामानाची लांब यादी होती, आणि यादीत ट्रान्सफॉर्मर होता. नवीन मागवलेल्या खोक्यात तारेची दोन रिळं निघाली, एक बारीक तारेचं, नऊशे वेढ्यांचं. दुसरं जाड तारेचं, थोड्या वेढ्यांचं. रिळांच्या पोटातून जायचं लोखंड मात्र आलंच नव्हतं.

विज्ञानाचे मास्तर ओमप्रकाश सर वर्ध्याचे, पंचविशीतले, अजून नोकरीत पक्के झाले नव्हते. त्यांनी रिळं शेजारी ठेवून एकाला वीज दिली, दुसऱ्याला छोटा बल्ब लावला. बल्बाची तार नुसती लालसर झाल्यासारखी वाटली, तीही डोळे बारीक करून पाहिलं तर.

"लोखंडाशिवाय नाही व्हायचं," सर म्हणाले.

हेडमास्तर वासुदेवरावांनी कपाळाला हात लावला. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष रूपराव पाटील तिथंच बसले होते. पंचक्रोशीत त्यांचा शब्द चाले, आणि तो ते मोठ्यानंच काढत.

"लोखंड पायजे ना? मंग तोंडं काऊन पाडून बसले बे? माह्या बाच्या बैलबंडीचा आख हाय घरी. वीस वीस मन कापूस वाह्यला त्यानं, केसभर वाकला नाई. असं लोखंड तुमच्या नागपुरात दाखवा मले."

आमच्याकडं लोखंडाची पारख एकच, जड असलं की चांगलं. पातळ ते टिनपाट. पावशीपासून पहारीपर्यंत माणूस हातात घेऊन आधी तोलून पाहतो. तेव्हा बंडीच्या आखापुढं कोण काय बोलणार? चिंधू लोहारानं तो भट्टीत लाल करून घोड्याच्या नालेसारखा वाकवला, वरून आडवा दांडा बसवला. चार माणसांनी वाजतगाजत तो शाळेत आणला. रूपरावांनी झेंडूचा हार घातला, माणसाला नव्हे, लोखंडाला. ओमप्रकाश सरांनी टाळ्या वाजवल्या. लहानू खाकरला, पण त्या दिवशी कोणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी रंगीत तालीम घेतली. रिळं आखावर चढवली, बटण दाबलं, आणि छोटा बल्ब खरंच पेटला. लोखंड जोरानं घूं करू लागलं. सर खूश. तेवढ्यात ऑफिसातून बोलावणं आलं. "लहानू, चालूच ठेव, मी हेडमास्तरांना घेऊन येतो," असं म्हणत ते गेले.

लहानू टेबलाशी उभा राहिला. पाच-सात मिनिटांत त्याला जळक्या रोगणाचा वास आला. वास आल्याबरोबर त्यानं बटण बंद केलं. तरी रिळातून धूर निघालाच, आणि नेमके त्याच वेळी सरांबरोबर वासुदेवराव दारात आले.

"झोपला होतास काय रे?"

"नाई जी. उभाच होतो. वास आल्याबरोबर बंद केलं."

"मग जळलं कसं? सर, तुम्ही सांगितलं होतं ना याला लक्ष ठेवायला?"

सर म्हणाले, "सांगितलं होतं." हे खरंच होतं. चालूच ठेव असंही सांगितलं होतं, हेही खरं होतं. पण ते त्यांच्या ओठांपर्यंत आलं आणि मागं फिरलं. मागं रूपराव उभे होते. रूपराव म्हणाले, "आख माहा धडधाकट हाय. मानूस पक्का पायजे होता."

लहानूनं लोखंडावर हात ठेवला. वणाचा हात. आणि झटक्यानं उचलला. लोखंड पोळत होतं. रिळापेक्षाही जास्त.

संध्याकाळी त्याला कागद मिळाला. निष्काळजीपणामुळे शाळेच्या उपकरणाचे नुकसान झाले, आठ दिवसांत लेखी खुलासा द्यावा, अन्यथा सेवापुस्तकात नोंद घेण्यात येईल. चावी काढून घेतली. घंटा आणि पाण्याचा रांजण, एवढं काम ठेवलं. वासुदेवराव माणूस वाईट नव्हता. बाजूला घेऊन म्हणाले, "चूक झाली, माफी असावी, एवढं लिही आणि सही कर. मी फाईल बंद करतो. कशाला वाढवायचं?"

लहानूनं कागद मीराबाईला वाचून दाखवला.

"मंग, करता काय सही?"

"तू सांग."

"मी काय सांगू? झोपले होते का तुमी?"

"नाई."

"मंग कायची सही? न झोपता झोपला म्हनून लिहून देनारा मानूस मले नाई पायजे घरात. आजपावतो कामावर तुमाले कोनं बोट लावलं नाई. येवढं एकच तं हाय आपल्यापाशी दाखवाले."

लहानूला तेच ऐकायचं होतं. पण नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं. तो झोपला नव्हता तर रीळ का जळलं, हे सांगावं लागणार होतं. आणि बोट रूपरावांच्या आखाकडं जात होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाणी प्यायला आलेल्या ओमप्रकाश सरांना रांजणापाशीच गाठलं. बाकी कोणी नव्हतं.

"सर, एक विचारतो. तार लोखंडाले कुठंच लागली नव्हती. मधात पुठ्ठ्याचं रिळ होतं. मंग लोखंड काऊन तापलं?"

सरांनी पेला खाली ठेवला. "लहानू, मी काल..."

"ते राहू द्या. लोखंडाचं सांगा."

सर वाईट शिकवत नव्हते. त्यांनी रांजणाच्या कट्ट्यावर खडूनं काढून सांगितलं. तारेतून वीज धावली की भोवती चुंबकाचा जोर उठतो. तो जोर दुसऱ्या रिळातून गेला, आणि घडीघडी उलटसुलट होत गेला, की दुसऱ्या रिळात वीज उठते. पण मोकळ्या हवेत तो जोर चहूकडं विखरतो, दुसऱ्या रिळापर्यंत थोडाच पोचतो.

"म्हन्जे मोकळा कापूस," लहानू म्हणाला. "वाऱ्यावर सोडला तं गावभर उडन. लोखंड म्हन्जे आपली प्रेस. सारा जोर दाबून एका वाटेनं नेते."

"बरोबर. लोखंडातून जायला त्याला फार सोपं. म्हणून लोखंड. तांबं-पितळ घातलं तर हा फायदा नाही."

"अन् तापते काऊन?"

सरांनी मान खाली घातली. "लोखंडातूनही वीज वाहू शकते ना. तो उलटसुलट होणारा जोर दुसऱ्या रिळात वीज उठवतो, तशीच खुद्द लोखंडाच्या पोटातही उठवतो. ती तिथल्या तिथं भोवऱ्यासारखी फिरते, आणि लोखंड तापतं. लोखंड जितकं भरीव, तितके भोवरे मोठे. पुस्तकात एक ओळ आहे, गाभा पातळ पत्र्यांचा करावा, पत्रे एकमेकांपासून वेगळे ठेवावेत. मला माहीत होतं ते. आख पाहिल्यावर बोलायची हिंमत झाली नाही."

"वावरात बांध-धुरे घातले का पानी एका जागी घुमत नाई, तसं," लहानू स्वतःशीच म्हणाला. मग मोठ्यानं, "सर, पत्र्यायचं मी पाह्यतो. तुमी खोली तेवढी उघडून द्याल का?"

"देतो," सर म्हणाले. "एवढं तरी करतो."

रविवारी लहानू पुलगावला गेला. प्रेसमध्ये जुना जोडीदार प्रेमदास होता. तुटक्या पट्ट्यांच्या ढिगाकडं बोट करून प्रेमदास म्हणाला, "बारा वर्सं हात कापून घेतले, अजून जीव नाई भरला का तुहा?"

"चांगल्या पायून दे. गंजेल नोको. शाळेत लावाच्या हायेत."

"शाळेत गठानी बांधतं का?"

"हव. इजेची गठान बांधतो."

बोटभर रुंद, पोस्टकार्डापेक्षा थोडी जाड, अशी ती पट्टी. पण ताठ, चिवट. सर म्हणाले होते, लोखंड मऊ असलं तर चुंबकाला उलटसुलट व्हायला सोपं जातं. ताठ पट्टी मऊ कशी करायची, हे सरांच्या पुस्तकात नव्हतं, लहानूच्या हातात होतं. प्रेसमध्ये वाकवताना तुटणारी पट्टी ते गोवऱ्यांच्या विस्तवात लाल करून राखेतच निजवायचे. पाण्यात बुडवलं तर आणखी कडक होते. राखेत आपल्या चालीनं गार झाली की नरमते. लहानूनं छिन्नीनं एकशे साठ तुकडे केले, चाळीस-चाळीस एका बाजूला, आणि अंगणात गोवऱ्यांची रास रचून, ती पेटवून आत घातले. सकाळी राखेतून काढले तर बोटानं वाकत होते.

मग एकेक तुकडा सुताराच्या पॉलिशमध्ये बुडवून दोरीवर वाळत टाकला. आळीतल्या बायका पाहून गेल्या. एक म्हणाली, "मीराबाई, यंदा लोखंडाच्या कुरडया केल्या का वं?"

"हव, सायबायले खाऊ घालाच्या हायेत," मीराबाई म्हणाली.

जळलेलं रीळ नव्यानं गुंडाळायचं होतं. नवी तार सरांनी आर्वीहून आणली. सूतकताईचा तास बंद झाल्यापासून शाळेतला चरखा अडगळीत पडला होता. लहानूनं त्याच्या चातीवर रीळ बसवलं. मीराबाई चाक फिरवायची, लहानू तार चिमटीत धरून वेढ्याला वेढा लावायचा. शंभर वेढे झाले की मीराबाई एक चिंचोका बाजूला टाके. नऊ चिंचोके झाल्यावर ती म्हणाली, "सुतापेक्षा बरं हाय हे. तुटत नाई."

पट्ट्यांची चौकट लहानूनं विटांच्या बांधकामासारखी रचली, एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. वरची बाजू फणीच्या दात्यांसारखी गुंतवली, म्हणजे काढता-घालता येईल. सगळं सुती नाडीनं आवळलं. आवळणं मात्र त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

साहेब आले त्या दिवशी खोली गच्च भरली. टेबलापुढं दोन साहेब, शेजारी वासुदेवराव आणि रूपराव, दारात गाव. लहानू पाण्याचे पेले घेऊन भिंतीशी. साहेबांतला एक उंच, टकला, कमी बोलणारा. यादीवर खुणा करत करत तो ट्रान्सफॉर्मरपाशी आला आणि थांबला.

"हा गाभा कुठून घेतला?"

सरांनी वासुदेवरावांकडं पाहिलं, रूपरावांकडं पाहिलं. मग ते म्हणाले, "घेतला नाही साहेब. लहानूजींनी बनवला आहे. त्यांनाच विचारा."

लहानूजी! वासुदेवरावांची मान वळली. दारातही कुजबुज झाली. टकले साहेब म्हणाले, "या हो लहानूजी. अशा पट्ट्या का केल्या?"

लहानूनं पेले ठेवले. हात धोतराला पुसले. "सांगतो जी. पन आधी दाखवतो. पंधरा मिनटं लागतीन, चालन का?"

आणि त्यानं टेबलाखालून रूपरावांचा आख काढला. हाराची सुकलेली फुलं त्याला अजून चिकटलेली होती. रूपरावांचा चेहरा तांबडा झाला. वासुदेवराव पुटपुटले, "अरे, ते कशाला..." साहेबांनी हातानंच त्यांना थांबवलं.

लहानूनं विजेच्या वाटेत एक मोठा बल्ब जोडला होता, नव्या रिळाला जपण्यासाठी; रीळ जितकी वीज ओढेल तितका तो पेटणार. आधी मोकळ्या रिळांना वीज दिली. मोठा बल्ब लख्ख, छोटा मेलेला. "हे कापूस वाऱ्यावर," तो म्हणाला. मग आख घातला. मोठा थोडा मंदावला, छोटा पेटला, लोखंड घूं करू लागलं. लहानूनं मेणबत्तीचं मेण चिमटून त्याची बोराएवढी गोळी रिळाजवळ आखाला चिकटवली. "आता पाह्यत राहा."

पंधरा मिनिटं कोणी हललं नाही. गोळी आधी चमकली, मग बसकी झाली, मग घसरत घसरत टेबलावर आली.

"पाटील, हात लावून पाह्यता का जरासा?" लहानू म्हणाला.

न लावावा तर भ्यायले म्हणतील. रूपरावांनी आपल्या बापाच्या आखावर ऐटीत बोटं ठेवली आणि "आयोऽऽ" करून तोंडात घातली. दारात हशा उसळला. साहेबही हसले.

मग लहानूनं पट्ट्यांची चौकट घातली. बटण दाबल्याबरोबर मोठा बल्ब पार विझत आला, नुसता निखारा राहिला; छोटा मात्र आधीपेक्षा जास्त लखलखला. आवाज माशीएवढा. मेणाची नवी गोळी चिकटवली. लहानूनं सगळं सांगितलं, आपल्या बोलीत, साहेबासाठी एक शब्द न बदलता: लोखंड कशाले, मऊ काऊन, पातळ काऊन, मधात पॉलिश काऊन. पंधरा मिनिटं झाली. गोळी जिथल्या तिथं.

"तेच रिळ, तेच बटन, तोच मानूस," लहानू म्हणाला. "लोखंड तेवढं बदललं."

पुढं त्र्याऐंशीत गावची डीपी, म्हणजे विजेचा मोठा ट्रान्सफॉर्मर, फुटली आणि वायरमननं ती वडाखाली खोलली, तेव्हा अर्धं गाव जमलं. तेलातून गाभा वर आला, पातळ पत्र्यांची चळतच्या चळत. तेव्हा शाळेत पोर नसलेली माणसंही म्हणाली, "अरे, हे तं लहानूजीच्या पट्ट्या!" लहानू वाकून बराच वेळ पाहत होता. म्हणाला, "माह्यापेक्षा पातळ हायेत. मानलं यायले." एवढं कौतुक त्यानं दुसऱ्या कोणाचं केल्याचं ऐकिवात नाही.

पण कागदाचं राहिलं. त्या दिवशी साहेब निघाले, अकरावीची शिफारस करतो म्हणून सांगून गेले. गर्दी ओसरली. वासुदेवरावांनी चावी लहानूपुढं धरली, फाईलीतून तो कागद काढला आणि म्हणाले, "हा फाडून टाकतो. झालं ते झालं."

"फाडू नोका जी," लहानू म्हणाला.

"का रे?" मग जीभ चावून, "का हो?"

"कागद दिला तं उत्तर लागन. मी सही नाई केली, पन खुलासा दिला ना आज? सायबापुढं दिला. तो सेवापुस्तकात लिहा."

वासुदेवरावांनी सेवापुस्तक काढलं. टाक बुडवून लिहिलं, 'खुलासा प्रयोगाने दिला. समाधानकारक.' आणि शाई टिपू लागले.

लहानूनं वाकून वाचलं. सातवी पास माणूस, सावकाश वाचणारा. "कारन नाई लिहिलं."

"कसलं कारण?"

"रिळ कायनं जळलं ते. नाईतर उद्या वाचनारा म्हनन, जळलं तं होतंच, दया आली म्हनून सोडलं याले."

वासुदेवरावांचा टाक हवेत राहिला. त्यांनी हळूच रूपरावांकडं पाहिलं. रूपराव खुर्चीत बोटांवर फुंकर घालत बसले होते. लहानू हलला नाही.

"लिहा ना गुरुजी," शेवटी रूपराव म्हणाले. "पाह्यता काय माह्या तोंडाकडं? लोखंड माहं होतं, बंडीले चांगलं होतं, इतं नाई चाललं. साऱ्या गावानं पाह्यलं, अन् तुमी एकटे लपवता का?"

वासुदेवरावांनी लिहिलं, 'नुकसान भरीव लोखंडामुळे झाले. कर्मचाऱ्याची चूक नाही.' सही केली, शिक्का मारला. लहानूनं दोन्ही ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचल्या, मोठ्यानं, दाराशी उभ्या असलेल्या मीराबाईला ऐकू जाईल इतक्या. मग म्हणाला, "हं. आता बरोबर हाय."